फिर्याद कोणाकडे करावी?



मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर म्हणून एक असामी असे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाला गिरणीत चिकटवणारा हाच. आज बदलीवर कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दाराशी ताटकळत ठेवायचे, हे ठरवणारा हाच. नडीला पैसे देणारा तोच आणि पगाराच्या दिवशी दस्तुरी कापून घेणाराही तोच. वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत बायका काम करीत. त्यांच्यावर नायकीण असे, आणि तिचाही कारभार ह्याच मासल्याचा असे. आता एखाद्या कामगाराची जॉबरविरुद्धच तक्रार असली, तर ती त्याने कोणाकडे न्यावी? खात्याच्या रीतीप्रमाणे जॉबरकडे! साहेबाला मराठी येत नसे, कामगाराला साहेबाच्या केबिनपर्यंत जाता येत नसे, आणि मधल्या वाटेवर जॉबर उभा असे.

ह्या पद्धतीचे दोष रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात मांडले. पुढे १९३५ साली मुंबईत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली आणि १९५० साली ती आणखी पक्की करण्यात आली. जॉबरला सदाचाराची व्याख्याने देऊन ही सुधारणा झालेली नाही, हे ध्यानात घ्यावे. माणसे निवडण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या मुठीतून निघाला, तेव्हा त्याचा वचक ओसरू लागला.

आम्ही आयुष्यभर युनियनचे काम केले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण अहवाल, कायद्यांची पुस्तके आणि निकालपत्रे वाचून झाले. म्हणून क्रीडामंडळांतील मुलांच्या रक्षणाचा इतिहास सांगायला आम्ही उभे राहतो, तेव्हा आम्हांला पहिल्याने जॉबर आठवतो. मैदानावरचा प्रशिक्षक कोण असतो? संघात कोणाला घ्यायचे हे ठरवणारा. बाहेरगावच्या सामन्यांना कोणाला न्यायचे हे ठरवणारा. पुढे खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीसाठी कोणाचे नाव सुचवायचे, हेही पुष्कळ ठिकाणी त्याच्याच शब्दावर. आणि मुलाला काही सांगायचे असेल तर ऐकणाराही तोच. शंभरातले नव्वदाहून अधिक प्रशिक्षक आपल्या खिशाला खार लावून मुलांसाठी राबतात, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. आमच्या संघटनेतले कित्येक कार्यकर्ते तालमीतूनच आले, आणि वस्तादाचे नाव काढले की ते आजही कानाच्या पाळीला हात लावतात. परंतु व्यवस्था चांगल्या माणसाच्या भरवशावर उभी करायची, की वाईट माणूस आला तरी टिकेल अशी करायची, हा प्रश्न गिरणीत होता आणि तोच मैदानावरही आहे.

कारखान्यातल्या मुलाची गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, कारण मैदानावरच्या मुलाची गोष्ट तिच्याशिवाय कळत नाही. इंग्लंडात मुलांच्या संरक्षणाचा पहिला गिरणीकायदा १८०२ साली झाला. त्यात लिहिले होते की, स्थानिक न्यायाधीशांनी दोन पाहुणे नेमावेत, एक न्यायाधीशांपैकी आणि एक धर्मोपदेशक, आणि त्यांनी गिरण्या पाहून याव्यात. कागदावर हे फार छान दिसते. पण गावचा न्यायाधीश, गावचा धर्मोपदेशक आणि गावचा गिरणीमालक हे एकाच पंगतीला बसणारे लोक. कोणी कोणाची गिरणी तपासायची? १८१९ साली दुसरा कायदा झाला. नऊ वर्षांखालच्या मुलाला सूतगिरणीत घेऊ नये असे त्यात ठरले. तोही ह्याच कारणाने कपाटात राहिला. १८३२ साली पार्लमेंटच्या सॅड्लर समितीपुढे कामगारांच्या साक्षी झाल्या, तेव्हा साक्ष देणाऱ्यांपैकी काहींच्या नोकऱ्या गेल्या. जो बोलला त्याचे पोट गेले. हा नियम पुढच्या दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

१८३३ च्या कायद्याने एकच नवी गोष्ट केली आणि तिने सारा रंग पालटला. सरकारी पगारावरचे निरीक्षक नेमले गेले. किती? साऱ्या देशाला चार! त्यांतला लेनर्ड हॉर्नर हा पुढे फार नावाजला. चार माणसांनी किती गिरण्या पाहिल्या असतील, ह्याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. परंतु ते चार लोक गावाबाहेरचे होते, मालकाच्या परवानगीवाचून आत जाऊ शकत होते आणि त्यांचा पगार मालकाच्या तिजोरीतून होत नव्हता. मुलांना दाद मागायला प्रथमच एक असे दार मिळाले, की ज्याची किल्ली मालकाकडे नव्हती.

आपल्याकडे १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची मजल. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होती, म्हणून त्यांनी हा कायदा व्हावा असा आग्रह धरला, हे खरे. आणि मुंबईचे मालक तेच कारण पुढे करून कायद्याला विरोध करीत, हेही खरे. दोघांच्याही मनात मूल नव्हते. तरीही मुलाचे तास घटले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, आणि १८९० साली साप्ताहिक सुटी मिळवली. १८९१ च्या दुरुस्तीने मुलांचे किमान वय नऊवर आले. पावलापावलाने, पण वाट पुढेच गेली.

मैदान मात्र ह्या सगळ्यातून सुटले. मूल तेथे मजुरी करीत नाही, म्हणून कारखान्याचा निरीक्षक तेथे जात नाही. ते शाळेच्या वेळात तेथे नसते, म्हणून शिक्षणखाते पाहत नाही. ते आईबापांनी राजीखुशीने, किंबहुना हात जोडून, सोपवलेले असते. आणि मंडळ चालवणारे लोक पदरमोड करणारे, तेव्हा त्यांना नियम विचारणे म्हणजे दान घेताना दात मोजण्यासारखे वाटते. ह्या शरमेच्या आडोशाला जे लपत आले, ते उघडे व्हायला विसावे शतक संपत यावे लागले.

पहिला मोठा धक्का इंग्लंडच्या पोहण्याच्या तलावांना बसला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश जलतरणपटूंचा प्रशिक्षक असलेला पॉल हिक्सन हा १९९५ साली आपल्याच हाताखालच्या किशोरवयीन मुलींवरील अत्याचारांबद्दल दोषी ठरला आणि त्याला सतरा वर्षांची शिक्षा झाली. हा कोणी गल्लीतला भुरटा नव्हता. देशाचा ध्वज घेऊन गेलेल्या पथकाचा गुरू होता. त्याच्या कितीतरी आधीपासून सीलिया ब्रॅकनरिज नावाच्या विदुषी, ज्या स्वतः लॅक्रॉस खेळात इंग्लंडच्या कर्णधार होत्या, खेळाडूंना बोलते करून माहिती जमवीत होत्या. खेळाच्या कारभाऱ्यांना त्यांचे बोलणे आवडत नसे. आपल्याच घरातली बाई घराची अब्रू वेशीवर टांगते, अशी त्यांची भावना. शेवटी २००१ साली बालरक्षणाचे काम करणारी जुनी संस्था आणि इंग्लंडची क्रीडासंस्था ह्यांनी मिळून खेळातील बालरक्षणाचा एक स्वतंत्र विभाग काढला. ही बालरक्षण संस्था मूळची १८८४ सालची. आणि त्या देशात मुक्या जनावरांच्या रक्षणाची संस्था तिच्याही साठ वर्षे आधी, १८२४ साली, निघाली होती, हे जाता जाता सांगितले पाहिजे. मुलापर्यंत यायला घोड्यापेक्षा साठ वर्षे अधिक लागली. आणि मैदानावरच्या मुलापर्यंत यायला आणखी एकशे सतरा.

फुटबॉलची कथा ह्याहून कडू आहे. बॅरी बेनेल हा क्रू अलेक्झांड्रा ह्या क्लबात आणि इतरत्र होतकरू मुले हेरण्यात तरबेज समजला जाई. त्याच्या घरी मुले मुक्कामाला जात. घरात खेळायची यंत्रे, पाळलेले चित्रविचित्र प्राणी. दहाबारा वर्षांच्या मुलाला दुसरे काय हवे? आईबापांना वाटे, आपल्या मुलाचे भाग्य उजळले. १९९५ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये त्याला शिक्षा झाली. १९९७ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ह्या विषयावर एक कार्यक्रम झाला, त्यात बळी पडलेला एक तरुण स्वतःचे नाव देऊन बोलला. १९९८ साली इंग्लंडात बेनेलला नऊ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे न्यायालयाला कळले, वर्तमानपत्राला कळले, घरबसल्या टीव्ही पाहणाऱ्याला कळले. आणि तरीही सारे पुन्हा शांत झाले. पुढची अठरा वर्षे ती मुले, आता बाप्ये झालेली, गप्प राहिली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड हा निवृत्त खेळाडू गार्डियन पत्राशी नाव देऊन बोलला. बांध फुटावा तसे झाले. आठवड्याभरात बालरक्षण संस्थेला फुटबॉलपुरता वेगळा टेलिफोन ठेवावा लागला, आणि चाळिशी-पन्नाशीची माणसे फोनवर बोलू लागली. बेनेलला २०१८ मध्ये तीस वर्षांचा कारावास झाला. २०२३ मध्ये तो तुरुंगातच मेला. फुटबॉल संघटनेने क्लाइव्ह शेल्डन ह्या बॅरिस्टरांकडे चौकशी सोपवली. त्यांचा सातशेहून अधिक पानांचा अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, ऑक्टोबर १९९५ ते मे २००० ह्या काळात संघटनेने मुलांच्या रक्षणाची पावले उचलण्यात अक्षम्य दिरंगाई केली, आणि शिक्षा झालेल्या बेनेललासुद्धा खेळातून बंदी घातली नाही.

हा अहवाल वाचताना आमच्या मनात एकच विचार घोळत होता. क्लबांमध्ये कुजबूज होती. कुजबूज सर्वत्र असते. गिरणीच्या फाटकावरही ती असे. परंतु कुजबुजीला नोंदवहीत उतरवणारा कोणी नव्हता. ऐकणारा प्रत्येकजण क्लबाचा होता. क्लबाला सामने जिंकायचे होते, आणि तो माणूस जिंकणारी मुले आणून देत होता. जॉबर माल काढून देत होता, तोवर मॅनेजरने त्याच्या दस्तुरीकडे डोळेझाक केली, तसेच हे.

इंग्लंडच्या कायद्यातली एक फट तर अगदी अलीकडे बुजली. शिक्षक किंवा वसतिगृहाचा अधीक्षक ह्याने आपल्या ताब्यातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलीशी संबंध ठेवणे, त्याची संमती असो वा नसो, हा गुन्हा असे २००१ पासून अमलात आले. कारण जेथे एकाच्या हाती दुसऱ्याचे भवितव्य आहे तेथे संमतीला अर्थ उरत नाही. पण ह्या यादीत क्रीडाप्रशिक्षक नव्हता! तो त्यात आला २०२२ साली. वर्गात जे पाप, ते मैदानावर एकवीस वर्षे पाप नव्हते.

आता परदेश पुरे. आपल्या देशात काय झाले, ते पाहण्यासाठी हरियाणातील पंचकुला ह्या शहरात जाऊ या. १९९० सालची गोष्ट आहे. तेथे चौदा वर्षांची एक मुलगी टेनिस खेळत असे. तिचे नाव पुढे साऱ्या देशाला ठाऊक झाले. आम्ही ते येथे घेत नाही. राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता एस. पी. एस. राठोड, पोलिस खात्यातील महानिरीक्षक. संघटनेची कचेरी त्याच्या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये. मुलगी परदेशी जायच्या बेतात होती. अध्यक्षाने तिच्या वडिलांना भेटून सांगितले की, हिला येथेच खास प्रशिक्षण देववतो. १२ ऑगस्ट रोजी त्याने तिला कचेरीत बोलावले, बरोबरच्या मैत्रिणीला काही निमित्ताने बाहेर पाठवले, आणि मुलीवर हात टाकला. मैत्रीण लवकर परत आली. तिने पाहिले.

आता आमच्या मथळ्यातील प्रश्न येथे विचारा. फिर्याद कोणाकडे करावी? क्लबाच्या अध्यक्षाकडे करावी, तर तोच आरोपी. पोलिसांकडे करावी, तर तोच पोलिस. दोन्ही कुटुंबांनी धीर करून सरकारकडे लेखी तक्रार केली. राज्याच्या तत्कालीन पोलिस महासंचालकांनी चौकशी केली आणि गुन्हा नोंदवावा असा अहवाल सप्टेंबर १९९० मध्येच दिला. त्या अहवालावर गुन्हा नोंदला गेला नाही. उलट शाळेने मुलीचे नाव काढले. कारण दाखवले फी थकल्याचे. तिच्या कोवळ्या भावावर मोटारचोरीच्या फिर्यादी झाल्या, त्याला अटक झाली. पुढे १९९७ मध्ये न्यायालयाने त्याला त्यांतून मुक्त केले. तोवर फार उशीर झाला होता. डिसेंबर १९९३ मध्ये त्या मुलीने विष घेतले.

पुढचे तपशील सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. मैत्रिणीच्या आईबापांनी लढा सोडला नाही. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय यंत्रणेकडे दिला. १९९९ च्या ऑक्टोबरात राठोड स्वतःच राज्याचा पोलिस महासंचालक झाला. आणि डिसेंबरात, घटनेला नऊ वर्षे उलटल्यावर, गुन्हा नोंदला गेला. डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून सहा महिन्यांची कैद आणि एक हजार रुपये दंड केला. अपिलात २०१० साली ती शिक्षा अठरा महिन्यांवर गेली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. सव्वीस वर्षे! त्या मैत्रिणीने ते पाहिले त्या दिवशी तीही शाळकरी मुलगीच होती. खटला संपला तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती. साक्षीदाराला असे आयुष्यभर उभे ठेवणारी व्यवस्था पाहून दुसरा कोण बोलायला धजेल?

ह्या प्रकरणाने देशाचे डोळे काही प्रमाणात उघडले. २०१२ साली बालकांचे लैंगिक अपराधांपासून रक्षण करणारा कायदा झाला, ज्याला सर्वजण पॉक्सो म्हणतात. तो त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला अमलात आला. त्याआधी अशा विनयभंगाला जुन्या दंडसंहितेत जास्तीत जास्त दोन वर्षे कैद होती. आता विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने असे केले तर किमान पाच वर्षे. आणि दुसरी मोठी गोष्ट म्हणजे हा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. आपल्या तालमी आणि कबड्डीची मंडळे मुलग्यांनी भरलेली. त्यांच्यासाठी पूर्वी कायद्याजवळ धड शब्दही नव्हता. ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. संस्थेचा प्रमुख गप्प राहिला तर त्यालाही एक वर्षापर्यंत कैद. "मंडळाची बदनामी नको, आपसात मिटवू" हे वाक्य ज्याच्या तोंडी येते, त्याने हे कलम एकदा वाचून ठेवावे. २०२० च्या नियमांत तर क्रीडाप्रबोधिनींचे स्पष्ट नाव घेऊन सांगितले आहे की, मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, पोलिसांकडून वेळोवेळी पडताळणी करून घ्यावी.

आम्हां कामगारांना ह्याहूनही आपला वाटणारा कायदा २०१३ चा, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा. त्यात 'कामाचे ठिकाण' ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत क्रीडासंस्था, स्टेडियम, सराव आणि सामन्यांची जागा, हे सारे घातलेले आहे. १८३३ साली निरीक्षक गिरणीच्या दारात आला. एकशे ऐंशी वर्षांनी कायद्याने मैदानालाही कामाची जागा म्हटले. आणि ह्याच कायद्यात पंचकुल्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. जेथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत म्हणून तक्रार समिती नाही, किंवा जेथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. म्हणजे फिर्यादीचे दार आरोपीच्या घरातून काढून जिल्ह्याच्या गावी नेऊन ठेवले.

दार आहे, पण लोकांना ते ठाऊक असते का? २०२३ च्या जानेवारीत देशातल्या नामांकित कुस्तीगीर स्त्रिया दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसल्या, तेव्हा सरकारने नेमलेल्या देखरेख समितीलाही असेच आढळले की, कुस्तीच्या राष्ट्रीय महासंघात ह्या कायद्याने सांगितलेली रीतसर तक्रार समितीच नव्हती. कायदा होऊन दहा वर्षे झाली होती. त्या आरोपांची शहानिशा करणे न्यायालयाचे काम. त्यावर आम्ही येथे बोलणार नाही. समिती नव्हती एवढे मात्र कोणाच्या साक्षीवाचून सिद्ध होते. जगात पदके आणणाऱ्या स्त्रियांना जर फुटपाथवर बसावे लागले, तर तालुक्याच्या गावातल्या खोखो खेळणाऱ्या मुलीची काय कथा! २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांवर सुरक्षित खेळाचे धोरण करण्याची जबाबदारी टाकली आहे. गिरणीकायद्यांचा इतिहास ज्याला माहीत आहे, तो ह्या कायद्याकडे आशेने पाहील आणि निरीक्षक कोण, एवढे विचारील.

आतापर्यंत मुलांबद्दल बोललो. परंतु आपल्या मैदानांवर आता दुसरीही काही माणसे येऊ लागली आहेत, आणि हे सुचिन्ह आहे. अंध धावपटू वाटाड्याच्या हातातल्या दोरीने बांधून धावतो. ज्याचे पाय चालत नाहीत, त्याला तलावात उतरवताना दोघांना उचलावे लागते, कपडे बदलायला मदत लागते. बुद्धीने मागे राहिलेला पंचवीस वर्षांचा तरुण चेंडू अचूक फेकतो, पण आपल्याला कोणी फसवले हे त्याला सांगता येत नाही. येथे "अंगाला हात लावू नये" हा सोपा नियम चालत नाही, कारण हात लावल्यावाचून खेळच होत नाही. मग नियम असा करावा लागतो की, कोण मदत करणार हे त्या खेळाडूने स्वतः सांगावे, आणि मदत करणाऱ्याने दर वेळी विचारून मग हात पुढे करावा. इंग्लंडात ह्या प्रौढांसाठी सरकारी मार्गदर्शन २००० साली निघाले आणि २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यातला एक विचार आम्हांला फार पटला. मुलाची तक्रार कळली की वडीलधाऱ्यांनी पुढे कळवायचीच असते. पण प्रौढ माणूस परावलंबी असला तरी प्रौढ असतो, म्हणून आधी त्याला विचारायचे की, तुला काय व्हायला हवे? आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी तरतूद आहे की, छळ होत असल्याची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. व्यवहारात हे म्हणजे तहसीलदार. सात-बाराच्या उताऱ्यासाठी तहसीलचे उंबरे झिजवणाऱ्या आपल्या लोकांना हे दार ठाऊक नाही.

ह्यावर कार्यकर्ते मंडळी दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, इतके नियम लावल्यास फुकट राबणारी माणसे निघून जातील आणि मंडळ बंद पडेल. हे वाक्य आम्ही फार जुन्या तोंडांतून ऐकले आहे. ऑक्सफर्डचे सीनियर नावाचे अर्थपंडित १८३७ मध्ये सांगत होते की, गिरणीचा सारा निव्वळ नफा दिवसाच्या अखेरच्या तासातच निघतो, तेव्हा तास कमी केले की धंदा बसला. १८४७ मध्ये स्त्रिया आणि किशोरवयीन मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला आणि गिरण्या चालूच राहिल्या.

दुसरा आक्षेप खोट्या फिर्यादीचा. एखाद्या मुलाला संघातून वगळले, बापाला राग आला, आणि त्याने वस्तादावर बालंट घेतले, तर? असे घडणारच नाही, असे आम्ही म्हणत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला २०१२ च्या कायद्यात शिक्षा सांगितली आहे. मुलाला मात्र तीतून वगळले आहे, आणि ते योग्यच आहे. पण ह्या आक्षेपाचे खरे उत्तर नियमांतच आहे. प्रशिक्षकाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहायचे नाही. बाहेरगावी दोन मोठी माणसे न्यायची, मुली असतील तर त्यांत एक स्त्री. खेळाडूला रात्री आपल्या घरी मुक्कामाला ठेवायचे नाही. मोबाइलवर निरोप धाडायचा तो पालकांना दिसेल असा. हे नियम मुलाला जपतात तितकेच वस्तादालाही जपतात. ज्या खोलीत दोघेच होते, तेथे काय घडले नाही हे सिद्ध करणे निरपराध्यालाही जड जाते.

आमच्या भागातल्या एका कबड्डीमंडळाने गेल्या साली ह्या गोष्टी ठरवायला सभा बोलावली. पहिले तीन नियम अर्ध्या तासात मंजूर झाले. तक्रार ऐकायला कोण, ह्यावर मात्र रात्रीचे साडेअकरा वाजले. अध्यक्षांचे नाव आले. ते वस्तादांचे मेहुणे. चिटणिसांचे आले, त्यांचा मुलगा संघात. कोणी म्हणाले, वहिनी आहेतच की. वहिनी म्हणजे वस्तादांची पत्नी. शेवटी मागे बसलेल्या एका आईने विचारले की, मंडळाशी काडीचा संबंध नसलेले माणूस कोणी नाही का? तेव्हा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या बालवाडीच्या बाईंचे नाव पुढे आले. त्यांना कबड्डीतले काही कळत नाही. त्यांचे नाव, त्यांचा फोन आणि त्याखाली १०९८ हा आकडा, हे सारे मैदानाच्या कडेला, मुले पाणी पितात त्या टाकीवर, तेलरंगात लिहून काढले आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा टेलिफोन १९९६ साली मुंबईत रस्त्यावरच्या पोरांसाठी सुरू झाला होता. रंगारी मंडळाचाच एक खेळाडू. त्याने आकडे जरा खाली काढले, सहा-सात वर्षांच्या पोराला वाचता येतील इतके.